घमाजीशेठच्या पिंडाला शिवलेला कावळा

१

कावळा आला, पिंडावर बसला आणि निवांत भात खाऊ लागला. आमच्या चौघांच्याही तोंडचं पाणी पळालं.

भात खाणाऱ्या कावळ्याला आम्ही एवढे का घाबरलो ते आधी सांगायला हवं, नाहीतर आम्ही वेडे वाटू. थोडे होतोच. गोष्ट २००३ च्या डिसेंबरातली. नाशकात, गंगापूर रोडवर रंगनाथशेठांच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, सुनीलचा संगणकावरचे खेळ बनवायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे दोन खोल्या, तीन संगणक आणि कायम ओली असलेली एक चहाची किटली. सुनील मालक, यादव प्रोग्रॅम लिहिणारा, पल्लवी चित्रं काढणारी आणि मी, सविता, संवाद लिहिणारी. कॉलेजात तासिकेवर मराठी शिकवून उरलेल्या वेळात मी भुतांच्या तोंडी वाक्यं घालत असे. भुतं माझं ऐकत तरी होती. वर्गात ती सोय नव्हती.

सुनील शाळेत असताना त्याच्या इंग्रजीच्या सरांनी नाताळच्या सुट्टीआधी एक जुनी विलायती भुताची गोष्ट सांगितली होती. एक महाचिक्कू म्हातारा, आणि नाताळच्या आदल्या रात्री त्याला भेटायला येणारी तीन भुतं. एक झालेलं दाखवतं, एक चाललेलं आणि एक होणारं. ही गोष्ट सुनीलच्या डोक्यात जी बसली ती बसलीच. तिचा खेळ करायचा म्हणून त्यानं ती उचलून थेट दिंडोरीत आणली. म्हाताऱ्याचा झाला घमाजीशेठ, द्राक्षांचा व्यापारी. त्याच्या बागेत पेठ तालुक्यातून कामाला आलेला गोटीराम, ज्याला आजारी पोरीसाठी चार दिवस रजा हवी आहे आणि मिळत नाही. बर्फाच्या जागी आपली थंडी आणि घड वाचवायला बागेत पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर.

अडलं ते तिसऱ्या भुतापाशी. मूळ गोष्टीत ते भूत म्हाताऱ्याला त्याचं स्वतःचं थडगं दाखवतं. घमाजीशेठचं थडगं आम्ही कुठून आणणार? तेव्हा मी म्हटलं, गोदाकाठी त्याचा दहावा दाखवा. पिंड मांडलेला आहे, नातेवाईक उभे आहेत आणि कावळा काही केल्या शिवत नाही. आपला भात कावळ्यालाही नको, हे बघून घमाजीशेठ हादरतो, मग शेवटचा भाग उघडतो आणि खेळणाऱ्यानं धावत जाऊन गोटीरामला गाठायचं. या कल्पनेचा मला फार अभिमान होता. अजून आहे.

आणि आता, पुण्याच्या पाटणकरबाई खेळ बघायला यायच्या आदल्या दिवशी सकाळी, कावळा भात खात होता. घमाजीशेठ तृप्त होऊन गेला, असं संगणकानं ठरवलं. पडद्यावर ‘शुभं भवतु’ उमटलं आणि खेळ संपला. शेवटचा भाग उघडलाच नाही. खेळाची जुनी प्रत एका सीडीवर होती, पण तिच्यात आवाजच नव्हते.

पाटणकरबाईंच्या कंपनीनं खेळ घेतला तर कारखाना चालणार होता. नाही घेतला तर नव्या वर्षापासून सुनीलनं दिंडोरीला वडिलांच्या द्राक्षांच्या औषधांच्या दुकानात बसायचं, असं घरात ठरलं होतं. सुनील यादवकडे वळला.

“कावळा तू केलायस.”

“केलाय. पण त्याला मी हात लावलेला नाय,” यादव म्हणाला. “महिना झाला, कावळ्याची फाईल उघडलीसुद्धा नाय.”

“पुण्याच्या दुसऱ्या एका कंपनीतून तुझ्यासाठी फोन आला होता काल. जॉइन कधी होताय, विचारत होते.”

हे आम्हाला नवीनच होतं. यादवनं सुनीलकडे एकदा पाहिलं. ही दोघं पहिलीपासून एका बाकावर बसलेली. त्यानं खुर्चीवरचा स्वेटर उचलला, पिशवी खांद्याला लावली आणि जिना उतरून गेला. जिन्यात अंधार असतो, त्यामुळे तो कुठवर गेला तेही दिसलं नाही.

२

मी आत्याला फोन केला. प्रतिभाआत्या विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करते. जळालेलं दुकान, गारपिटीनं झोडपलेली बाग, उलटलेला ट्रक, काहीही झालं की आत्या जाऊन बघते आणि खरं काय झालं ते सांगते. दुकानदार तिला चळचळा कापतात. घरात आम्हीही कापतो, कारण फ्रीजमधलं श्रीखंड कोणी खाल्लं हे तिला डब्याच्या झाकणावरून कळतं.

ती आली ती धडपडतच. “सवे, या जिन्यात माणूस मेला तर विमा मिळायचा नाही. कंपनी म्हणेल, मुद्दाम मारला.”

“रंगनाथशेठ बल्ब लावू देत नाहीत,” मी म्हटलं. “आम्ही लावला तर काढून खिशात घालून नेतात. वीज जळते म्हणे.”

आत्यानं खुर्ची ओढली आणि कावळा दाखवा म्हणाली. सुनीलनं दाखवला. तिनं पुन्हा दाखवायला लावला, मग आणखी एकदा. आम्ही सगळे पडद्याच्या मध्यभागी कावळ्याकडे बघत होतो. आत्या मात्र कडेला बघत होती. तिथे घमाजीशेठचे नातेवाईक उभे होते. एकाखाली एक, सरळ रांगेत, प्रत्येकानं मागच्याला अर्धं झाकलेलं. लाल लुगडं, काळा कोट, पुन्हा लाल लुगडं, पुन्हा काळा कोट.

“कावळा झकास केलाय,” ती म्हणाली. “मान वाकडी करून बघतो तो अगदी खरा.”

“आत्या, कावळ्याचं कौतुक नको,” सुनील वैतागला. “तो आला कसा ते सांगा.”

“जळालेल्या दुकानात मालक मला जळालेला माल दाखवत असतो, सुनील. मी न जळालेला बघते. काल इथे कोण कोण होतं?”

काल दुपारी सुनीलनं खेळ पुरा झाला म्हणून आम्हाला मिसळ खायला नेलं होतं. कारखान्याला कुलूपही लावलं नव्हतं, कारण रंगनाथशेठ आत बसले होते. ते रोज दुपारी येतात, आमच्या एका संगणकावर पत्त्यांचा खेळ लावतात आणि एकटेच खेळत बसतात. त्यांच्या घरी संगणक नाही आणि असता तरी त्यांनी तो स्वतःच्या विजेवर चालवला नसता. माउस धरता येतो तो पत्ते सरकवण्यापुरता.

“म्हणजे चोर असेल तर तुमच्यातलाच,” आत्या म्हणाली आणि पल्लवीकडे वळली. पल्लवीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता.

३

पल्लवी मुंबईहून लग्न होऊन नाशकात आलेली. हात सोन्याचा, पण रागावली की आठवडा-आठवडा बोलत नाही.

“मी काही केलेलं नाही,” ती म्हणाली. “उलट माझ्याच चित्राची वाट लावलीय. मी माणसं पिंडाभोवती उभी केली होती. छान गोल. आज बघते तर सगळी कोपऱ्यात कोंबलेली.”

“मग बोलली का नाहीस?”

“मला वाटलं यादवनं हलवली. संगणक दमतो म्हणून तो सारखं काही ना काही हलवतो. मला विचारायची पद्धत इथे नाहीच.” तिनं ड्रॉवरमधून तिचं जुनं कागदी चित्र काढून दिलं. माणसं वाढदिवसाच्या केकभोवती उभी राहावीत तशी पिंडाला गराडा घालून उभी होती.

आत्यानं चित्र पाहिलं आणि तिला हसू आलं. “तुमच्या चौघांपैकी कोणी दहाव्याला गेलंय का कधी?”

कोणीच नाही. सुनीलच्या घरात सगळे धडधाकट. पल्लवीनं आणि मी घाटावर कधी पाऊल ठेवलेलं नाही. यादवचे आजोबा वारले तेव्हा तो गोवर येऊन पडला होता. दहावा आम्ही सगळ्यांनी फक्त ऐकलेला.

तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या आणि रंगनाथशेठ आले. सत्तरीचे, ताठ, मफलर कानावर. आल्या आल्या त्यांनी आधी ट्यूबलाइट बंद केली. दिवसाउजेडी दिवा दिसला की त्यांना चैन पडत नाही. कधीकधी ते खाली मेन स्विचच बंद करतात आणि आमचं काम पुसून जातं, म्हणून यादवनं बिचाऱ्यानं सगळं काम आपोआप जतन होईल अशी सोय करून ठेवली होती.

घमाजीशेठचा चेहरा आणि आवाज यांचाच. कंजूष शेठाचं काम करायला कोणी मिळेना, आणि हे तर घरचेच होते. चहाच्या कपावर तयार झाले आणि खरोखर फार छान बोलले.

“शेठ, तुमच्या दहाव्याला आज कावळा शिवला, कळलं का?” आत्यानं विचारलं.

असलं काही ऐकून माणूस चिडतो. रंगनाथशेठ चिडले नाहीत. ते पडद्याकडे बघत म्हणाले, “शिवला? खरंच शिवला?”

“खरंच.”

“बरं झालं,” ते म्हणाले. मग आमचे चेहरे दिसल्यावर घाईघाईनं, “म्हणजे वाईटच झालं. पोरांचं नुकसान.” आणि पत्ते न खेळताच निघून गेले. रंगनाथशेठ फुकटचा संगणक सोडून जातात, हे आम्ही पहिल्यांदाच पाहिलं.

४

यादव समोरच्या टपरीवर पोहे खात बसलेला सापडला. पुण्याला जायला निघालेला माणूस इतक्या जवळ आणि इतक्या सावकाश पोहे खात नाही, हे आत्याच्याही आधी माझ्या लक्षात आलं.

“मी परत येनार नाय,” त्यानं आधीच सांगून टाकलं. “त्या पुन्याच्या लोकांना मी कधीचंच नाय म्हनून कळवलंय. तेच परत परत फोन करत्यात. ह्यानं मला एकदा इचारायचं तरी.”

“मग तू का नाही सांगितलंस?” मी म्हटलं.

“त्यानं असं इचारल्यावर काय सांगू? मीच कावळा सोडला म्हनला ना तो? ऱ्हाऊ दे.”

यादव रागावला की त्याची बोली दिंडोरीच्याही पुढची होते. आत्यानं त्याला राग गिळायला एक चहा सांगितला आणि मग विचारलं, “तुझा कावळा येतो कधी, तेवढं सांग.”

कावळ्याचं नाव काढल्यावर त्याचा चेहराच बदलला. “लय भारी कावळा हाय तो. पहिल्या भुताच्या भागात लहान घमाजीचा डबा पळवतो ना, तोच. अन्न दिसलं आनि आजूबाजूला मानूस नसला की येतो. मानूस जवळ असला तर येत नाय, लांबून मान वाकडी करून बघत बसतो. खऱ्या कावळ्यागत.”

“आणि दहाव्याला?”

“तोच ठेवला. दुसरा कशाला बनवायचा? सुनीलला न येनारा कावळा पाहिजे होता, आनि हा येत नव्हताच.”

“का येत नव्हता?”

“मानसं होती ना पिंडाजवळ...” यादव थांबला. हातातला चमचा तसाच राहिला. “मानसं कोनी हलवली?”

“चल वर,” आत्या म्हणाली. “हे तू सांगितलेलं बरं, म्हणजे सुनीलला तुझी माफी मागायला सोपं जाईल.”

५

आत्यानं सगळ्यांना बोलावलं. रंगनाथशेठांनाही. ते दारापाशीच उभे राहिले.

यादवनं कावळ्याचं सांगितलं. सुनील ऐकत गेला आणि त्याची मान खाली गेली. “यादव,” तो म्हणाला, “मी गाढव आहे. तुझ्याशिवाय हा खेळ झाला नसता, आणि मी तुझ्यावरच आळ घेतला. चुकलं माझं.”

“गाढव हायेसच,” यादव म्हणाला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसला. एवढ्यावर ते मिटलं.

“म्हणजे कावळ्याला कोणीच हात लावला नव्हता,” आत्या म्हणाली. “माणसं हलली म्हणून कावळा आला. आता ही कोणी हलवली? पल्लवीनं नाही. तिला दहाव्याची रीत ठाऊक असती तर तिनं गराडा घातलाच नसता. घाटावर पिंड मांडला की सगळे मागे सरतात. माणूस जवळ असेल तर कावळा यायचा कसा? हे तुमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. म्हणजे हलवणारा असा, ज्यानं दहावा केलेला आहे.”

“पण बाहेरचं कोणी आलंच नव्हतं,” सुनील म्हणाला.

“रांग बघा. एकाखाली एक, मागचा अर्धा झाकलेला. लाल, काळा, लाल, काळा. माणसं मागे उभी करायची तर कोणीही घोळका करील. अशी रांग कोण लावतं?”

आम्ही पडद्याकडे बघितलं. मग शेजारच्या संगणकाकडे बघितलं, तिथे रंगनाथशेठांचा पत्त्यांचा खेळ कालपासून अर्धवट पडला होता. लालावर काळा, काळ्यावर लाल, एकाखाली एक. पल्लवीला हसू फुटलं आणि ती आठवडाभर पुरणारा राग विसरली.

“माउसनं पत्ते सरकवता येतात त्याला माणसंही सरकवता येतात,” आत्या म्हणाली. “पल्लवीचं चित्र उघडंच होतं. आणि शेठ मेन स्विच बंद करतात म्हणून यादवनं केलेल्या सोयीनं ते आपोआप जतन झालं. शेठ, हे नुकसान तुम्ही केलंत. पण का, ते मात्र मला कळलेलं नाही.”

रंगनाथशेठांनी मफलर सोडला आणि पुन्हा बांधला.

“माझ्या बायकोच्या, नवसाबाईच्या, दहाव्याला कावळा शिवला नव्हता,” ते म्हणाले.

आत्यानं खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

“गुरुजी म्हणाले, काहीतरी इच्छा राहिली असेल, ती पुरी करतो असं बोला, म्हणजे शिवेल. सगळ्यांना माहीत होतं काय राहिलंय ते. बाई आयुष्यभर म्हणत होती, जिन्यात दिवा लावा, मी एक दिवस पडेन. मी हो हो म्हणत राहिलो. ती पडली नाही हो, तापानं गेली. पण घाटावर चार माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, भाडेकरू होते, आणि माझ्या तोंडून शब्द निघेना. एवढ्याशा दिव्यापायी बायकोला त्रास दिला, हे लोकांसमोर कसं बोलू? शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. घरी आलो तेव्हा जिन्यात अंधारच होता.” त्यांनी नाक पुसलं. “काल पत्ते खेळताना शेजारी बघितलं, तर माझंच तोंड, आणि पिंडाभोवती ही सगळी गर्दी करून उभी. म्हटलं, अरे, मागे सरा की. निदान या खेळात तरी येऊ दे त्याला. पोरांचं वाटोळं करायचं माझ्या मनात नव्हतं.”

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. पल्लवीनं उठून त्यांना आपली खुर्ची दिली.

“माणसं परत पुढं आणतो,” यादव म्हणाला. “दोन मिनिटांचं काम हाय.”

“नको,” सुनील म्हणाला. तो पडद्याकडे टक लावून बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर शाळेत ती गोष्ट पहिल्यांदा ऐकताना आलं असेल तसलं नवल आलं होतं. “माणसं मागेच राहू देत. शेठ बरोबर आहेत, रीत तीच आहे. कावळा येईल, पण घमाजीशेठ स्वतः बोलल्यावर. तोवर नुसती मान वाकडी करून बघत बसेल. जमेल का?”

“कावळ्याला जमंल,” यादव म्हणाला. “घमाजीशेठला जमंल का ते बघा.”

६

मी वाक्य लिहिलं. रंगनाथशेठ माइकसमोर बसले. त्यांनी घसा साफ केला आणि वाचलं, “गोटीराम, तुला रजा दिली. पोरीला बरं वाटेपर्यंत येऊ नकोस.” वाक्य संपलं होतं. यादव यंत्र थांबवणार, तोच ते कागदाकडे न बघता, अगदी हळू म्हणाले, “आणि जिन्यात दिवा लावीन.”

यादवनं सुनीलकडे बघितलं. सुनीलनं मान हलवली. आम्ही ते तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आत्या येऊन बसली, मग पाटणकरबाई आल्या. कडक इस्त्रीची साडी, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही असं ठरवून आलेल्या. पहिलं भूत आलं, दुसरं आलं, बाईंनी चहाला हात लावला नाही. तिसरं भूत घमाजीशेठला गोदाकाठी घेऊन आलं. नातेवाईक मागे उभे होते, पल्लवीनं आता त्यांना नीट उभं केलं होतं. कावळा लांब बसून मान वाकडी करून बघत होता. बाईंनी एक कळ दाबली, दुसरी दाबली. कावळा हलला नाही. त्या वाट बघत बसल्या. मग घमाजीशेठ गुडघ्यांवर बसला आणि बोलला. कावळा आला. शेवटचा भाग उघडला आणि पाटणकरबाई शेकोट्यांच्या धुरातून, पदर सावरत, गोटीरामला शोधायला अशा पळाल्या की त्यांचा कप लवंडला.

“हा आम्ही घेणार,” त्या म्हणाल्या. सुनीलनं यादवचा हात इतका घट्ट धरला की यादव कळवळला. “फक्त एक विचारू? घमाजीशेठच्या बागेत जिना कुठे आहे? मला दिसला नाही.”

“आहे एक,” आत्या म्हणाली. “निघताना दाखवते.”

संध्याकाळ झाली होती. आम्ही सगळे बाईंना पोचवायला निघालो. सवयीनं माझा हात भिंतीकडे गेला, आणि मग मला पायऱ्या दिसल्या. वळणावर, जुन्या होल्डरमध्ये, एक दिवा लागला होता. त्याच्याखाली स्टुलावरून नुकतेच उतरलेले रंगनाथशेठ हात झटकत उभे होते.

“झिरोचा आहे,” ते म्हणाले. “पण आहे.”

पाटणकरबाईंना काही कळलं नाही. त्या नमस्कार करून खाली गेल्या. आम्ही त्यांच्या मागून, भिंत न धरता, उतरलो.